बंद मिलच्या झांकीचा नारळ

शरयूताई पळसुले माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, कपड्याकडे बघायची. शर्टाची बाही म्हणा, लुगड्याचा काठ म्हणा, दोन बोटांत धरायचा, अंगठ्याने चोळायचा, आणि मग विचारायचं, "बोला, अडलंय कुठे?" समोर कलेक्टर असो की तिच्या आईकडे भांडी घासणारी बाई, पद्धत एकच. परदेशात आपल्या वकिलातीत असताना एका मेजवानीत तिने टेबलावरच्या चादरीचा कोपरा असाच उलटा करून बघितला, आणि यजमानीणबाईंना वाटलं, डाग पडलाय. बिचारी चादर बदलायला धावली म्हणे. हे तिनेच आम्हाला सांगितलं, पोट धरून हसत. ती हसली की फार छान दिसायची. पुढे ते फार कमी झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघं इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या क्वार्टरमधले. तिचे वडील कापडखात्यात कारकून, माझे टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीवर. मी पुढे त्याच खुर्चीत बसलो. आमच्या लाइनीत मराठी घरं मोजकी, बाकी यूपीकडची नाही तर माळव्यातली. त्यामुळे आमची मराठी ही अशी, अर्धी हिंदीच्या कडेवर बसलेली. पुण्याचे पाहुणे आले की नाक मुरडायचे. मुरडा म्हणावं, तुमच्या नाकाला कोण विचारतो?

ताई माझ्याहून मोठी. आमच्या लाइनीतली पहिली मुलगी जी परीक्षा देऊन सरकारात ऑफिसर झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आमच्याकडच्या बायकांनी वर्षानुवर्षं चघळलं. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच ठाऊक की तिच्या मनात एक गोष्ट होती आणि ती शेवटपर्यंत राहिली. या मिलमधले विणकर रस्त्यावर येता कामा नयेत. बस. त्यासाठी ती सरकारात राहिली, त्यासाठी परदेशी गेली, त्यासाठी सरकार सोडून कंपनीत गेली. आणि तिन्ही ठिकाणी हरली. असं तोंडावर कोणी तिला म्हटलं नाही, पण मी आता म्हणतो, कारण गोड बोलून तिचं भलं कधीच झालं नाही.

पहिली गोष्ट ती लेबर खात्यात होती तेव्हाची. मालकांनी एका सकाळी मिलला टाळं ठोकलं. कामगार गेटवर, पोलीस पलीकडच्या फुटपाथवर. अशा वेळी साहेब लोक दोन्ही बाजूंना आपल्या ऑफिसात बोलावतात, पंखा लावतात आणि तारीख देतात. ही बाई जीपमधून उतरली ती सरळ गेटसमोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसली. मॅनेजरने निरोप पाठवला की गेस्ट हाउसवर या, जेवणाची सोय केलीय. ही म्हणाली, मी इथे बसलेय, बोलायचं असेल तर इथे या. आला. काय करणार? उन्हात, बाकड्यावर, हातात काचेचा गिलास धरून मिलचा मॅनेजर बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचा पाहिला. ताईचं चालू, अडलंय कुठे? रुई येत नाही. का येत नाही? वीज तोडलीय. कोणाशी बोलायचं? एकेक गाठ सोडवत बसली.

संध्याकाळी कामगारांनी तिला घेरलं तेव्हा ती मोठ्याने सगळ्यांसमोर म्हणाली, "मेरे हाथ में कुछ नहीं है, आप लोग घर जाओ." तोंड अगदी कोरडं. आम्ही सगळे मान खाली घालून घरी गेलो. दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला. आतलं ठरलेलं होतं, पण सह्या होईपर्यंत तिला बोभाटा नको होता. त्या भोंग्याला लोक रडले हो. माझी आई रडली. आणि त्या दिवशी आमच्या लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की मॅडम चार लोकांत नाही म्हणतात तेव्हा आत काम झालेलं असतं.

आता इंदूरबाहेरच्या माणसाला झांकी सांगायला हवी. अनंत चतुर्दशीला आमच्याकडे मिलच्या झांक्या निघतात. मोठमोठ्या गाड्यांवर हलते देखावे, दिव्यांचा लखलखाट, पुढे आखाडे, आणि सगळं शहर पोरंबाळं घेऊन रस्त्यावर. आमच्या मिलची झांकी जगन उस्ताद बनवायचा. तो विणकर, पण अख्ख्या मिलमध्ये त्याचा मान झांकीमुळे. त्याने बनवलेला हनुमान डोळे मिटायचा आणि उघडायचा. उस्तादने एकदा शब्द टाकला की साळखात्यातला, म्हणजे मागांवरचा, माणूस विचार करायचा नाही, मागे चालू लागायचा. झांकी हलायच्या आधी चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि समोर नारळ फोडायचा, असा रिवाज. नारळाचा मान मोठ्या साहेबाचा. ती मिल पुन्हा चालू झाली त्या वर्षी उस्ताद म्हणाला, नारळ मॅडम फोडतील. ताईने पदर खोचला आणि एका फटक्यात फोडला. तेव्हापासून दर वर्षी तीच.

मिल काही टिकली नाही. नव्वदनंतर हवा पालटली, दिल्लीहून नवी धोरणं आली, बाजारात परदेशी कपडा आला, आणि शहरातल्या मिला एकेक करून विझत गेल्या. आमचीही गेली. या वेळी चहाच्या बाकड्यावर बसून सुटेल अशी गाठ नव्हती. मालकच निघून गेला तर बोलणार कोणाशी? ताई तोवर दिल्लीत व्यापार मंत्रालयात पोचली होती. तिथून तिला युरोपात वकिलातीत पाठवलं, तिथल्या व्यापाऱ्यांशी आपला माल जोडून द्यायला. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ लावला, "अपनी मैडम को सरकार ने विलायत भेजा है, मिल का गाहक ढूंढने." मी म्हणायचो, अरे बाबांनो, तिला अख्ख्या देशाचं काम आहे. माझं कोण ऐकतो? मी तोवर एका औषधाच्या दुकानात चिकटलो होतो. कारकुनाचं काय, एक खुर्ची मोडली की दुसरी. विणकराचं तसं नसतं.

आणि कमाल बघा, मिल बंद पडली पण झांकी बंद पडली नाही. मालक गेला, भोंगा गेला, मागांवर कोळ्यांची जाळी चढली, तरी वर्गणी काढून, दारोदार हिंडून, बंद मिलच्या नावाची झांकी दर वर्षी निघायची. पेपरवाले याला निष्ठा म्हणतात. मला चीड येते. घरात पोरीच्या शाळेचे वांधे आणि हा बाप महिनाभर हनुमानाच्या पापण्यांना स्प्रिंग लावत बसलाय. पण ताई भादव्यात रजा काढून यायची, कुठेही असो. आईला भेटायला, असं म्हणायची. आणि नारळ फोडायची.

एका वर्षी ती एका गोऱ्या पाहुण्याला घेऊन आली. कापडाच्या धंद्यातला कोणी बडा माणूस. तिच्या मनात होतं की याने आपला एक शेड तरी चालवायला घ्यावा. चौकीदाराला सांगून गेट उघडलं. आमच्या लोकांना आधीच खबर लागलेली. त्यांनी मागांना तेल घातलं होतं, जळमटं काढली होती, आणि प्रत्येक जण धुतलेले कपडे घालून आपापल्या मागापाशी उभा. बंद मिलमध्ये, विजेशिवाय. मला ते बघवेना. पाहुणा सज्जन होता. एकेका मागापाशी थांबला, हात लावून बघितला, फोटो काढले. मग ताईला काहीतरी हळूच म्हणाला आणि ताईचा चेहरा पडला.

उस्तादने विचारलं, क्या बोले साहब? ताई म्हणाली, "मशीनों की बहुत तारीफ कर रहे हैं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याला वाटलं आपल्यासाठी, त्यानेही हात जोडले.

परत येताना तिने मला खरं सांगितलं. त्याच्या गावातल्या कापडमिला कधीच्याच बंद झाल्यात. तिथे एक संग्रहालय केलंय. तो विचारत होता, आपल्या मिलमधला एखादा जुना माग संग्रहालयासाठी देता येईल का.

मी म्हटलं, ताई, सांगून टाकायचं होतंस. ती म्हणाली, "अरुण्या, उस्तादने सकाळपासून शर्टाला इस्त्री करून ठेवली होती रे. मला नाही सांगता आलं." मग बराच वेळ गाडीच्या खिडकीची काच खालीवर करत बसली. वकिलातीत राहून तिला एक कला फार चांगली साधली होती, समोरच्याला न दुखवता नाही म्हणायची. ती कला आमच्या लोकांच्या काय कामाची? त्यांना तर फक्त न दुखवलेलं ऐकू यायचं. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, दोन्ही एकदम.

पुढे तिने सरकारी नोकरी सोडली. सगळे म्हणाले, पैशासाठी गेली. म्हणोत. विजय नगरमध्ये एका कंपनीचं चकचकीत ऑफिस, त्यात ती डायरेक्टर. लिफ्ट, काचेची दारं, आतली पोरं-पोरी सगळी इंग्रजीत बोलणारी. कंपनी शहराबाहेर पीथमपूरला गाड्यांच्या सीटचं कापड विणायचा कारखाना टाकत होती आणि ताईने अट घातली होती की विणकर आमच्या मिलचे घ्यायचे. भांडून भांडून वयाची सूट काढली. परदेशीपुऱ्याच्या चौरस्त्यावरून रोज सकाळी कंपनीची बस सुटेल अशी व्यवस्था केली. मिल वाचली नाही तर नाही, माणसं तरी वाचतील, असं ती म्हणायची. त्या दिवसांत ती पुन्हा हसायला लागली होती.

बसमध्ये कोण चढलं? एकदोन पोरगेले जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम, आणि बाहेरगावचे लोक. उस्ताद नाही, आणि उस्ताद नाही म्हणून साळखातं नाही. मी जाऊन विचारलं. तो झांकीच्या गाड्याला खिळे ठोकत होता. म्हणाला, भिया, दुसऱ्या जागी हजेरी लावली की इकडचं नाव कटतं. मी म्हटलं, कसलं नाव? मिल कुठाय? मीच ना हजेरी लावायचो तुमची, मी सांगतो, काही नाव-बिव राहिलेलं नाही. तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी लहान मूल आहे. "मिल नहीं खुलनी होती तो मैडम हर साल नारियल फोड़ने काहे को आतीं? इतनी बड़ी अफसर को और कोई काम नहीं है क्या?"

हे मी ताईला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती तिच्या त्या काचेच्या खोलीत उभी होती. खाली बसली. म्हणाली, म्हणजे मीच. एवढंच. मी म्हटलं, तसं नाही गं. पण तसंच होतं, आणि ते दोघांनाही कळलं होतं.

त्या वर्षी नारळ फोडायच्या आधी ती गाड्यावर चढली आणि तिने माइक मागून घेतला. मागे हनुमान डोळे उघडझाप करतोय, बायका-पोरं खाली बसलीत, सगळ्यांचे चेहरे वर. ती म्हणाली, "भाइयो, मिल नहीं खुलेगी. मैं भोपाल गई, दिल्ली गई, बाहर के देशों में गई. कोई नहीं खोलेगा. आप लोग पीथमपुर की बस पकड़ो. उम्र की छूट थोड़े दिन की है." शेवटी आवाज फुटला तिचा. "मेरा भरोसा मत करो."

मला वाटलं, सुटले एकदाचे. मग उस्तादने टाळी वाजवली. एकच, मग दुसरी, मग सगळ्यांनी. शिट्ट्या. कोणीतरी ताईच्या नावाचा जयकारा केला. उस्ताद गाड्यावर चढून तिच्या गळ्यात हार घालत हळूच म्हणाला, "समझ गए मैडम. खुले में तो यही बोलना पड़ता है." आणि तिच्या हातात नारळ दिला. तो तिने फोडला. न फोडून करते काय, मागे दुसऱ्या मिलच्या झांक्या खोळंबल्या होत्या.

ती मला म्हणाली की आयुष्यात एकदा सरळ बोलले रे, तेही त्यांनी वळवून घेतलं. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, तिचे वडील गेले तेव्हाही नाही. कंपनी त्या वर्षीच सूट काढून घेणार होती. ताई वरच्या लोकांशी पुन्हा भांडली, आणि आणखी एक वर्ष मागून घेतलं. पुढच्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची बस शेवटची, त्यानंतर नवीन भरतीत वय बघणार, असं ठरलं. हे तिने घरोघर जाऊन सांगितलं. लोकांनी तिला चहा पाजला आणि मान डोलावली.

ती अनंत चतुर्दशी आली. दिवे लागायची वेळ, लिंबू चाकाखाली, आणि मॅडमचा पत्ता नाही. पोलीस म्हणताहेत, गाडा पुढे घ्या. उस्ताद म्हणतोय, मॅडम आल्याशिवाय हलणार नाही. शेवटी झांकीच्या समितीवाल्यांनी मला पिटाळलं. मी स्कूटर काढली आणि विजय नगरला तिच्या फ्लॅटवर गेलो.

ती तयार होऊन बसली होती. चांगली महेश्वरी नेसलेली, पर्स मांडीवर. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "मी येणार नाही. मी आले की त्यांना वाटतं मिल उघडणार. नाही आले तर निदान एक जण तरी उद्या बसमध्ये चढेल." मी म्हटलं, मग नेसून कशाला बसलीस? ती म्हणाली, सवयीने. चहा घेतोस का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. खाली उतरलो तो जिन्याने, लिफ्टने जायचं सुचलंच नाही.

परत जाऊन मी उस्तादला काही आडपडदा न ठेवता सांगितलं, मॅडम घरी आहेत, तयार आहेत, पण येणार नाहीत म्हणाल्या. तो विचारात पडला. आजूबाजूचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत. आणि मग त्याचा चेहरा जो उजळला, तो मी विसरू शकत नाही. "तो बात पक्की हो गई. भोपाल का बुलावा आया होगा. काम आखरी में हो तो अफसर बाहर नहीं निकलता." लोकांत आनंदाची लाट गेली. नारळ त्याने स्वतःच फोडला आणि गाडा हलला.

झांकी रात्रभर शहरातून फिरून उजाडता उजाडता परत येते. मी घरी जाऊन झोपलो होतो. सकाळी दूध आणायला चौरस्त्यावर आलो तर कंपनीची बस उभी, आणि दारापाशी ताई. तीच साडी, चुरगळलेली. कधीची आली होती देव जाणे. समोरून आमचा गाडा हळूहळू येत होता, दिवे विझलेले, आणि साळखात्यातले लोक हनुमानाच्या पायाशी एकमेकांच्या अंगावर रेलून गाढ झोपलेले. उस्ताद पुढे, हात डोक्याखाली घेऊन. गाडा बसच्या कडेला घासून गेला. कोणी डोळे उघडले नाहीत.

तिने मला विचारलं, "काय म्हणाले काल?" मी सांगितलं. भोपाळचा बुलावा, पक्कं झालं, सगळं. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. ती म्हणाली, "म्हणजे उद्या मी मेले तरी हे म्हणतील, मोठ्या साहेबाकडे फाईल घेऊन गेल्यात." आणि ते अगदी सरळ, हिशेब केल्यासारखं म्हणाली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. वेळ झाली होती. तो बिचारा म्हणाला, मॅडम, कोणी नसेल तर मी रिकामीच गाडी घेऊन जातो. ताई म्हणाली, रिकामी कशाला जायची, थांब. पदर सावरून ती पायरी चढली आणि दाराजवळच्या सीटवर बसली. मी म्हटलं, ताई, तू कुठे चाललीस? ती म्हणाली, "कोणीतरी जायला हवं ना."

बस सुटली. एवढ्या मोठ्या बसमध्ये खिडकीशी ती एकटी, समोर बघत. मी हात केला, पण तिचं लक्ष नव्हतं. पलीकडे मिलच्या बंद गेटापाशी लोक एकमेकांना उठवत होते आणि गाडा आत लावायची जागा शोधत होते.